ट्रॅव्हर्टाईनवरचं लिंबू

राव, लिंबाला घाबरणारा माणूस बघितलाय का? मी घाबरतो. निगडीत घर बांधलं, तेव्हा बायकोनं हॉलपासून पार दाराबाहेरपर्यंत ट्रॅव्हर्टाईन दगडाच्या फरश्या बसवून घेतल्या. फरशीवाल्यानं तेव्हाच बजावलं होतं, "भाऊ, यावर लिंबू, चिंच, काही आंबट सांडू देऊ नका. दगड खाऊन टाकतं." तेव्हापासून आमच्याकडे पोह्यांवर लिंबूसुद्धा ओट्यापाशी उभं राहून पिळतात.

एका सकाळी शिफ्टला निघालो, दार उघडलं, तर उंबऱ्याबाहेर कुंकू लावलेलं अर्धं लिंबू उपडं ठेवलेलं.

बायको पांढरीफटक. "अहो, हात लावू नका. कोणीतरी करणी केलीय."

"करणी गेली खड्ड्यात, इथं फरशी चाललीय," म्हणत मी ते उचललं आणि लांब फेकून दिलं.

खाली पांढरट गोल डाग पडलाच होता. त्या दगडाला बारीक छिद्रं असतात, त्यांत कुंकू जाऊन बसलेलं. धुतलं, घासलं, काही निघेना. फरशीवाल्याला फोन केला.

"लिंबाचा डाग ना? पॉलिश मारलं की गेला. घाबरताय कशाला?"

तो मशीन घेऊन आला. वाकून बघितलं. "हे लाल काय?"

"कुंकू."

तो उठला आणि वायर गुंडाळायला लागला. "मी आंबटाचे डाग काढतो भाऊ. असले नाही काढत."

गेटपाशी जाऊन मागं वळला. "लिंबू उचललं कोणी?"

राव, माझा उजवा हात खिशातनं बाहेरच येईना.