मिरेलाचा करार

सेंट लुईसमध्ये मुलींना फुटबॉलचं मैदानच मिळत नसे, ते दिवस मला अजून आठवतात. परवा आइस्क्रीमच्या रांगेत माझ्यापुढे एक आई आणि तिची सतरा वर्षांची लेक उभ्या होत्या.

"मिरेला, क्लबशी पैसे घेऊन खेळायचा करार केलास की कॉलेजच्या संघाचं दार बंद."

"होऊ दे."

"आणि गुडघा मोडला तर?"

"कॉलेजात काय लोखंडाचा बसवून देतात?"

"तोंड आवर. माझ्या सहीशिवाय करार होत नाही."

"आई, सतराव्या वर्षी बोस्निया सोडलास, तेव्हा कुणाला विचारलंस?"

"गोळ्या उडत होत्या. कुणाला विचारणार?"

"म्हणजे स्वतःच ठरवलंस ना?"

"...बरं. पण तुझ्या पुढच्या शिक्षणाचा खर्च क्लबचा, हे करारात लिहिल्याशिवाय मी पेन उचलणार नाही."

"नाही म्हणाले तर?"

"तर म्हणावं, आधी माझ्याशी खेळा."