घोड्याचा अर्ज

आदरणीय अध्यक्ष महोदय, मंचावरील मान्यवर, दारव्ह्यातून आणि आसपासच्या तांड्यांतून आलेले पालक, विद्यार्थी, आणि आज सेवानिवृत्त होणारे सत्कारमूर्ती, आपल्या शाळेचे मुख्य लिपिक लालसिंगकाका व सौ. बसंतीकाकू, सर्वांना क्रीडाशिक्षिका दीपाचा नमस्कार.

काकांच्या शिस्तीबद्दल आतापर्यंत चौघे बोलले. तेहतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एक कागद गहाळ झाला नाही म्हणे. खरं आहे. माझाही झाला नाही. सगळे परत आले.

आपल्या शाळेकडे एक एअर रायफल आहे. तिचा ट्रिगर कारखान्यातून आला तसाच आहे. बोटानं ओढावा तर आधी खरखर, मग मध्येच अडतो, जोर लावला की भसकन सुटतो. तोवर नेम हललेला. अमरावतीचा कारागीर म्हणाला, आणा, अर्ध्या दिवसात लोण्यासारखा करून देतो. पण रायफल काकांच्या ताब्यात. बाहेर न्यायची तर काकांची सही हवी.

मी अर्ज केला, 'ट्रिगर दुरुस्तीबाबत'. त्यावर लाल शाईचा शेरा, 'मराठी प्रतिशब्द वापरावा.' बरं. मी 'घोडा' लिहिलं. तुम्हीच सांगा, बंदुकीला घोडाच असतो ना? अर्ज परत. 'शाळेत घोडा पाळण्यास परवानगी कोणी दिली?' मी चिडून लिहिलं, घोडा रायफलीला लागलेला आहे. त्यावर शेरा, 'रायफल घोड्याला लागली असल्यास पशुवैद्यकाचा दाखला जोडावा.'

हसताय तुम्ही. या कागदांत दोन वर्षं गेली, आणि दोन्ही वर्षी आमची नेमबाज ममता राज्य स्पर्धेच्या निवडीत एकेका गुणानं मागे राहिली. गेल्या वर्षी ती मला एवढंच म्हणाली, "मॅडम, नेम माहा बरोबर हाय. हा घोडाच मले ढकलून राह्यला." पुढच्या सोमवारी पुन्हा निवड आहे. तिची शेवटची. त्यानंतर ती वयात बसत नाही.

म्हणून परवा मी काकांना अक्षरशः हाताला धरून मैदानावर नेलं. ममतानं रायफल त्यांच्या हाती दिली. काकांनी घोडा दाबला, आणखी दाबला, आणि छर्रा गेला थेट भिंतीत. काकांनी स्वतःचं बोट चोळलं. मग म्हणाले, "पोरी, ह्याच्यानं नेम मारतं तू? हा घोडा नाही व, अडेल बैल हाय."

मला भरून आलं हो. वाटलं, गंगेत घोडं न्हालं. त्याच संध्याकाळी नवा अर्ज टेबलावर ठेवला. काल परत आला. शेरा होता, 'घोडा की बैल, स्पष्ट करावे.'

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण संतापही तेवढाच आहे, आणि तो आज गिळून मी तुम्हाला खोटा निरोप देणार नाही. कार्यालय पाचला बंद होतं. आता चार वीस झालेत. म्हणजे अजून चाळीस मिनिटं तुम्हीच मुख्य लिपिक आहात. हा घ्या अर्ज. यात घोडा नाही, बैल नाही. मी लिहिलंय, 'ममता जिथं बोट ठेवते, ती वस्तू.' शालीखालचं तुमचं लाल पेन मला इथून दिसतंय. ममता पहिल्या रांगेत बसली आहे.

शाळेच्या मंडळानं मला बोलू दिलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर आपण सर्वांनी पदरात घ्यावं. काकांनी मात्र शेरा न मारता नुसती सही करावी.