नानांचे दोन प्रश्न

काकू, वडीलधारी मंडळी, आणि वाडीवरून इतक्या लांब तळेगावात आलेले पाहुणे हो, नानांच्या शोकसभेत बोलायला उभा राहिलोय खरा, पण मला भाषण जमत नाही. हिशेबानं सुरुवात करतो, ती माझी सवय. सकाळी दुकान उघडताना चोरानं माझ्या डोक्यात रॉड घातला आणि पिशवी पळवली. पिशवीत काय, तर जेवणाचा डबा आणि दुकानाच्या किल्ल्या. त्यापायी मी एका माणसाकडं बोट दाखवलं. त्या बोटाची किंमत त्या माणसानं मोजली. चार वर्षं तुरुंग. चार भातलावण्या. धाकटीचं लग्न, बापाशिवाय.

त्या माणसाचं नाव लक्ष्मण. ठाकरवाडीचा. आणि त्याचे वकील, आपले वसंतनाना.

मी लोणावळ्यात पोत्यावर चपला मांडून सुरुवात केली, आज तीन गाळे आहेत. वडगावच्या कोर्टात त्याच तोऱ्यात साक्षीला उभा राहिलो. नानांनी सहज विचारलं, "शेठ, चोराच्या पायात काय होतं?"

"गमबूट. काळे. पार गुडघ्यापर्यंत."

मग धुकं किती होतं, शटर किती उघडलं होतं, असं बरंच विचारलं. आणि मग, "ओळखपरेडला सात जण उभे होते. आधी काय पाहिलंत?"

"पाय! चपलांचा धंदा आहे साहेब, पाय बघितल्याशिवाय मी माणसाच्या तोंडाकडं बघत नाही. सगळ्यांना अनवाणी उभं केलेलं. सहा जणांच्या पायांवर चपलेच्या पट्ट्याचे वण. एकाच्याच टाचांना भेगा, जन्मात चप्पल न घातल्याच्या. म्हटलं, हाच तो! हा चेहरा मी सात जन्म विसरायचो नाही!"

कोर्टात हशा पिकला. नाना हसले नाहीत. लिहून घेत होते.

मंडळी, आज कबूल करतो. लक्ष्मण त्या कोर्टात एकच वाक्य बोलला, "म्या न्हाई केलं, सायेब." बारीक आवाज. माझ्यावर खेकसलेल्या चोराचा आवाज घोगरा होता. माझा कान म्हणाला, हा तो नव्हे. पण साक्ष डोळ्यानं दिली होती. कानाला कोण विचारतो? मी गप्प बसलो. लक्ष्मणला शिक्षा झाली.

पुढं राहवेना, तेव्हा नानांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. काकू, तुम्ही चहा केला होतात. मला वाटलं, नाना हाकलून देतील. नाना म्हणाले, "उशीर केलात शेठ. पण तुमच्या फुशारकीनं अर्धं काम आधीच करून ठेवलंय."

अपिलाच्या दिवशी मी हायकोर्टात मागच्या बाकावर बसलो होतो. नानांनी नवा साक्षीदार आणला नाही. आवाज चढवला नाही. माझीच दोन उत्तरं काढली आणि शेजारी शेजारी ठेवली. चोराला गमबूट. आरोपी ओळखला पायांवरून. मग विचारलं, "जे पाय साक्षीदाराला दिसलेच नव्हते, ते त्यानं ओळखले कसे?"

न्यायमूर्तींनी माझी साक्ष बाजूला ठेवली.

जिंकले! आपले नाना जिंकले! लक्ष्मण निर्दोष सुटला. हरलो मी, आणि उभ्या आयुष्यात हरण्याचा इतका आनंद मला झाला नव्हता. बाहेर येऊन म्हटलं, "नाना, पेढे आणतो." म्हणाले, "पेढे नकोत. लक्ष्मणला चपलेचा जोड पाठवा. नऊ नंबर." पाठवला. दर वर्षी पाठवतो. समोर जायची हिंमत मात्र झाली नाही.

नाना, तुम्ही माझी साक्ष मोडलीत आणि मला माणसात ठेवलंत. तुम्हाला हात जोडतो. आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू.

त्याआधी एवढंच. मघाशी दारात चपला काढताना शेजारी एक गृहस्थ होते. सवयीनं आधी पाय बघितले. पट्ट्याचे वण, टाचा नीट. मग चेहरा बघितला आणि विचारलं, "आबा, आपण कोण?"

ते म्हणाले, "म्या लक्ष्मण."