पाटीवर बसलेल्या जनाकाकू

आमच्या बोरवाडीचं माणिकनगर कसं झालं, ते तुम्हाला सांगतो. मी तिथेच होतो आणि घरी येऊन सगळं वहीत उतरवून ठेवलं होतं.

चिंचवडजवळ नवा कारखाना उभा राहिला होता. कंपनीने वाडीला नळ द्यायचा आणि वाडीने कंपनीच्या मालकांचं नाव लावायचं, असं ठरलं. बायका तेव्हा नदीवरून पाणी आणत. पण कंपनीचे साहेब आले ते नुसती नव्या नावाची पाटी घेऊन. म्हणाले, "नळाचं पावसाळ्यानंतर बघू."

माझ्या जनाकाकूंनी पाटी जमिनीवर ठेवायला लावली आणि तिच्यावर बसल्या.

"काकू, उठा," सरपंच म्हणाले.

"नामदेवा, माझं नाव बदललं ते अक्षता पडल्यावर. आधी न्हाई. पाणी पडू दे, मग लावा पाटी."

"तोवर बसून राहणार?"

"बसंन की. नदीवर जाण्यापरीस बरं हाय."

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या सगळ्या बायका येऊन शेजारी बसल्या. संध्याकाळपर्यंत घराघरांतलं पाणी संपलं, आणि सरपंच स्वतःच कंपनीच्या फाटकावर जाऊन बसले. कारखान्याचा पाइप वेशीपर्यंत आलेलाच होता. पाचव्या दिवशी नळ वाहू लागला.

काकू उठल्या, पाटी पदराने पुसून साहेबांच्या हातात दिली.

साहेब हसले. "मग काकू, आता गावाचं नाव काय?"

"माणिकनगर. शब्द दिलाय." काकूंनी घागर नळाखाली लावली. "पर सायेब, मी लग्नात जना झाले. माहेरी मला अजून ठकीच म्हणत्यात."