लाल शाईतले एक्केचाळीस

आजच्या समारंभाचे माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, क्लबचे सभासद, माझ्या हॉकीच्या मुली, त्यांचे आईवडील, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या फिजिओबाई, सर्वांना नमस्कार.

बाईंच्या शिस्तीबद्दल सगळे बोलले. मी एका कार्डाबद्दल बोलतो. कमीजास्त अंतरावर आकडे छापलेलं कार्ड. ते मोठ्यानं, भराभर वाचायचं आणि बाई वेळ मोजणार. डोक्याला मार बसला असेल तर आकड्यावरून आकड्यावर जाताना डोळे अडखळतात, वेळ वाढतो. म्हणून हंगामाच्या आधीच प्रत्येकीचा वेळ वहीत नोंदवलेला.

आता खरं सांगतो. मी मुलींना गुपचूप पढवलं होतं, "पहिल्यांदा रमतगमत वाचा. पुढे मार बसून वेळ वाढला तरी बाईंना कळायचं नाही." प्रशिक्षक ना मी! हुशारी नुसती उतू जात होती.

बाईंनी वेळा लिहून घेतल्या आणि म्हणाल्या, "आता मैदानाला बारा फेऱ्या. मग पुन्हा वाचायचं." मलाही पळवलं. अध्यक्षसाहेब हसताहेत, त्यांनी ते पाहिलंय! मुलींनी धापा टाकत वाचलं. नाटक करायचं त्राण कुणात उरलं होतं?

अंतिम सामना. बरोबरी. सहा मिनिटं उरलेली. माझी धाकटी लेक समोरचीच्या खांद्यावर आदळली, पडली आणि हसत उठली. बाईंनी तिला बाहेर घेऊन कार्ड दिलं. पन्नास सेकंद.

मी वही ओढली. "इथे बावन्न लिहिलंय! पास आहे ती. सोडा तिला."

बाईंनी पान उलटलं. लाल शाईत एक्केचाळीस. "सर, बारा फेऱ्यांनंतर ही एक्केचाळीसात वाचते. आज पन्नास का?"

"दमलीय ती!"

"तेव्हाही दमलेलीच होती."

मग मी त्यांना जे बोललो, ते या माइकवर उच्चारता येणार नाही. बाई लेकीची स्टिक मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिल्या. आम्ही हरलो. ड्रेसिंग रूममध्ये लेकीला दोनदा उलटी झाली. तिनं मला विचारलं, "बाबा, मॅच कधी सुरू होणार?"

दोन महिने ती घरी होती. आज तिसऱ्या रांगेत बसलीय, ठणठणीत. बावन्न सेकंद कुणी पढवले, हे बाईंनी कधीच विचारलं नाही.

आयोजकांचे आभार. भाषणात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. आणि बाई, त्या दिवशी मी तुम्हाला सगळ्यांदेखत बोललो होतो, म्हणून माफीही सगळ्यांदेखत मागतो.