उसाला कुठं बाप लागतोय?

आमच्या थोरल्या दादाच्या जिभेपुढं शहाणपण टिकायचं न्हाय बघा. संस्थानात महाराजांचं राज्य हुतं तवाची गोष्ट. कागलचं पावणं आलं, तसा दादानं मळ्यातला एकुलता एक कोंबडा कापला.

वहिनी वरडली, "अवो, आता पिल्ली कुठनं व्हायची?"

दादा रस्सा भुरकत म्हणाला, "उसाला कुठं बाप लागतोय? कांडी पुरली की उगवतोय!"

पावण्यांनीबी मान डोलावली.

दोन महिन्यांनी कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली. एकवीस दिवस झालं, पंचवीस झालं, एकबी अंडं फुटंना. दादा कोंबडीवरच खवळला, "नुसती बसून खाती!"

वहिनी म्हणाली, "तिला कशाला बोलताय? तुमच्या ताटातली तंगडी पुरायची हुती की परसात. उसागत कोंबडा उगवला असता!"