वरच्या खोलीची दुसरी किल्ली

(वरच्या मजल्यावरची भाड्याची खोली. दार सताड उघडं. नर्स आत, घरमालक उंबरठ्याबाहेर. टेबलावर फोन, फोनवर नर्सची मोठी बहीण.)

नर्स : तिथेच थांबा. आत यायचं नाही.

घरमालक : नाही येत. पण उद्या कोर्टात जायच्या आधी एकदा ऐकून तरी घेशील?

ताई : ऐक, पण दार लावू नकोस गं! आणि मला बंद करू नकोस.

घरमालक : ही कोण?

नर्स : माझी ताई. तुमचा शब्द न् शब्द ऐकतेय.

घरमालक : ऐकू दे. अगं, माझ्याच घराचा जिना मी चढायचा नाही, असा मनाई हुकूम मागतेस? चारचौघांत तोंड कसं दाखवू मी?

नर्स : आणि मी कामावर गेले की माझ्या खोलीत कोण शिरतं? दुसरी किल्ली तुमच्याकडेच आहे.

घरमालक : सांगितलं ना, छत गळतंय का ते बघायला आलो होतो.

नर्स : छत कोरडं ठणठणीत आहे. दाराला वरच्या बाजूला चिकटपट्टी लावून जाते मी. संध्याकाळी येऊन बघावं तर ती सुटलेली. माझी खुर्ची भिंतीशी असते, ती खिडकीशी सापडते.

ताई : कपाटाचं विचार, कपाटाचं!

घरमालक : कपाटाला हात लावला असेल तर हात झडतील माझे.

नर्स : मी झोपताना दाराला टेबल लावते, माहितीये? आंघोळीला जाताना कोयंड्यात चमचा अडकवते. भाडं भरून चोरासारखी राहते मी इथे.

घरमालक : एवढी घाबरलीस?

नर्स : मग काय नाचू?

घरमालक : काका म्हणायचीस मला.

नर्स : म्हणायचे.

घरमालक : …खिडकीसाठी येतो मी.

ताई : काय दिसतं गं तिथून?

नर्स : मागची शाळा. मैदान. म्हणजे माझ्या खोलीत बसून शाळेतली मुलं बघता तुम्ही? हे तर आणखीनच भलतं!

घरमालक : माझं नातवंड आहे त्यात. मुलगा लग्नानंतर जो गेला, तो माझं तोंड बघत नाही. एकदा केस कापता कापता न्हावी म्हणाला, तुमच्या मुलाचं मूल मागच्याच शाळेत आहे की.

ताई : छान! आता रडवणार हा माणूस तुला.

नर्स : मग वरची खोली भाड्याने दिलीत कशाला?

घरमालक : तेव्हा कुठे माहीत होतं? खालून नुसती कुंपणाची भिंत दिसते.

नर्स : मला विचारायचं होतंत.

घरमालक : काय विचारू? तुझ्या खोलीत बसून मुलं बघू का, असं? काय समजली असतीस तू?

नर्स : आत्ता समजतेय तेच.

ताई : हा गलका कसला?

नर्स : मधली सुट्टी झाली. बरं झालं. या हो आत. खिडकीशी या. दाखवा, कुठलं तुमचं?

ताई : अगं, आत काय घेतेस त्याला!

नर्स : थांब ताई. दाखवा ना. ते झोपाळ्यावरचं? की नळाशी भांडतायत त्यातलं?

घरमालक : (खिडकीशी येऊन मैदानभर नजर फिरवत) यातलंच आहे… यातलंच कुठलं तरी.

नर्स : बघ, साधं बोट दाखवता येत नाही. आणि रोज बघतात म्हणे!

ताई : मी म्हटलंच होतं, थापा आहेत सगळ्या.

नर्स : खरंच नातवंड असतं, तर सरळ शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहिला असतात.

घरमालक : गेलो होतो. वॉचमननं हेच विचारलं, कुठलं तुमचं? मला नाव सांगता येईना. मुलगा की मुलगी, तेही सांगता येईना. हाकललं त्यानं.

नर्स : न्हाव्याला विचारायचं की!

घरमालक : लाज वाटली गं. आपल्याच नातवंडाचं नाव परक्याला कसं विचारायचं? वर मीच म्हटलं त्याला, हो हो, ठाऊक आहे मला.

नर्स : मग रोज इथे बसून बघता तरी काय?

घरमालक : सगळ्यांनाच बघतो. एक तरी आपलं असेल त्यात.

नर्स : किल्ली टेबलावर ठेवा.

घरमालक : ही ठेवली. उद्या कोर्टात तू म्हणशील तसं. निघतो मी.

नर्स : सुट्टी संपली नाही अजून.